चुलीपासून तीन दिवस

मागच्या महिन्यात एक ओळखीचे गृहस्थ घरी आले होते. माझी नात धावत आली, धापा टाकत होती. तिनं खिशातून पंप काढला, तोंडात दाबला, दहा मोजेपर्यंत श्वास धरला आणि पुन्हा खेळायला पळाली. गृहस्थ मान हलवत म्हणाले, या पंपाची सवय लागते, पोरीला त्याच्या नादी लावू नका, दमा निम्मा मनाचाच असतो. मी म्हटलं, मग निम्माच पंप देत जाऊ. आणखीही बरंच बोललो. ते चहा अर्धा टाकून गेले. सूनबाई अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

सगळ्यांना वाटलं, मला त्या गृहस्थांचा राग आला. त्यांचा काय यायचा? त्यांनी माझंच वाक्य मला ऐकवलं होतं. चोवीस वर्षांचा असताना मी ते माझ्या बायकोला ऐकवलं होतं, तेही असल्याच शहाण्या चेहऱ्यानं. तिच्याजवळ पंप नव्हता, आणि चहा टाकून उठून जायची सोयही नव्हती.

भोर संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला दोन-तीन वर्षं असतील. मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास होऊन गावच्याच शाळेत मास्तर झालो होतो. गावात माझ्याइतकं शिकलेला दुसरा कुणी नव्हता. माणसाचं डोकं फिरायला एवढं पुष्कळ होतं.

आमचं घर हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंध्याच्या घाटाकडे तोंड करून. पावसाळ्यात चार महिने ढग घरात येऊन बसायचे आणि उठायचं नाव घ्यायचे नाहीत. कारवीच्या काठ्यांचे कूड, शेणानं लिंपलेले, वर गवताचं छप्पर. खिडकी हा प्रकार आम्ही भोरलाच पाहिलेला. आतल्या अंगाला चूल, चुलीवर माळा, माळ्यावर नाचणीची कणसं, भाताचं बी, ओली लाकडं, ओली धोतरं. धूर बाहेर जाऊ द्यायचा नसतो, हे आमच्याकडं पोराला चालता येण्याआधी कळतं. धूर लागला की गवत कुजत नाही, वाशांना भुंगा लागत नाही, बी किडत नाही. परक्याला वाटेल, घर धुरानं भरलंय. आम्ही म्हणायचो, घर राखलंय.

बायको कामथडीची. तिकडं पाऊस बेताचा, चूल अंगणात छपरीखाली, धूर आपला शेजारच्या शेतात जाणारा. लग्नाआधी तिला कधी दम लागला नव्हता. आमच्याकडचा पहिला आषाढ लागला आणि ओल्या लाकडांपुढं बसता बसता तिची छाती वाजायला लागली. आधी शीळ घातल्यासारखी, मग रहाटाच्या कुरकुरीसारखी. आठ-पंधरा दिवसांनी ती एकदा मला हळूच म्हणाली, "अवं, मला वाटतंय ह्यो धूरच सोसंना."

मी हसलो. म्हटलं, गावातल्या झाडून सगळ्या बाया धुरातच बसतात, त्यांना का होत नाही? माझी आई इतकी वर्षं बसतेय. मग म्हणालो की दमा निम्मा मनाचाच असतो, माहेरची आठवण येत असेल. पहिल्या युक्तिवादावर तर मी इतका खूष झालो की दुसऱ्या दिवशी चौथीच्या पोरांना विचार कसा करावा हे शिकवताना तोच दाखला दिला. पोरांना काही कळलं नाही. त्या मानानं पोरं शहाणी.

तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

मग उपाय सुरू झाले. आमच्या घरात उपायांना तोटा नव्हता, तोटा फक्त ऐकून घेणाऱ्याचा होता. अडुळशाचा रस मधातून झाला, सुंठ-पिंपळी झाली. मोराच्या पिसाची राख मधात चाटवली, त्या पिसासाठी मी दोन दिवस रान तुडवलं आणि गुडघा फोडून घेतला. एका जाणत्या म्हातारीनं बिब्बा तापवून तिच्या छातीवर डाग दिले. सहा डाग. मी तिचे हात धरून बसलो होतो.

शेवटी कुणीतरी धोतऱ्याची विडी सांगितली. सावलीत वाळवलेली पानं विडीसारखी वळायची आणि धूर ओढायचा. हा उपाय खोटा नव्हता. आवळलेली श्वासाची नळी धोतऱ्यानं जरा सैल होते, पुढं भोरच्या दवाखान्यात दम्यासाठी जाळून हुंगायची पूड पाहिली तीही त्याच जातीची. पण धोतरा विषारी, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून मी ठरवलं की आधी आपण ओढून पाहायची. एक ओढली, काही झालं नाही. दुसरी ओढली. चौथ्या विडीनंतर तोंड कोरडं ठाक पडलं, डोळ्यांपुढं उजेडच उजेड झाला, आणि तसाच मी शाळेत गेलो. लोक सांगतात की मी खुंटीवरच्या माझ्याच पागोट्याला उभं राहून नमस्कार केला आणि "साहेब, पट तपासून घ्या" म्हणालो. ते साहेब काही बोलेनात, म्हणून त्यांना बसायला खुर्ची दिली. पोरांनी पुढं वर्षभर त्या पागोट्याला साहेबच म्हटलं.

तिला मात्र एका विडीनं उतार पडला. तासभर चांगला श्वास लागला. मग ती उठून पुन्हा चुलीपुढं बसली.

आज डॉक्टर चित्र काढून दाखवतात. श्वासाच्या नळ्या आतून सुजलेल्या असतात, काही लागलं की त्या आवळतात, आत गेलेली हवा बाहेर निघत नाही. कुणाला धूळ बाधते, कुणाला थंडी, कुणाला धूर. एकाला जे बाधतं ते दुसऱ्याला बाधेलच असं नाही. म्हणून हल्ली सूज उतरवायचं औषध रोज ओढायला देतात आणि आवळलेली नळी सोडवायचं वेगळं. माझ्या नातीला हे आठव्या वर्षी पाठ आहे. मला हे कळायला काय लागलं, ते सांगतो.

आमच्याकडं बाई बाजूला बसली की तिनं चुलीला, पाण्याला, देवाला शिवायचं नाही. पण शेतकऱ्याच्या घरात बाजूला बसणं म्हणजे बसणं नव्हे. तीन दिवस ती पडवीत झोपायची, आणि दिवसभर शेतात खपायची, गवत कापायची. आणि या तीन दिवसांत तिला दम लागत नसे. डोक्यावर इरलं घेऊन ती वरच्या टेकाडावरून गवताचा भारा आणायची, टाकायची, पुन्हा चढायची. पावसात, चढावर, भाऱ्याखाली. छाती वाजत नसे. चौथ्या दिवशी न्हाऊन चुलीपुढं बसली की संध्याकाळपर्यंत शीळ सुरू.

एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना आम्ही त्यातून काय काढलं? आई म्हणाली, ढोंग हाय. डोंगर चढताना लागत न्हाई आन भाकरी थापताना बरा लागतो. मला तर वाटलं, आईच्या बोलण्यात तर्क आहे. माझ्यापेक्षा जास्तच आहे. दर महिन्याला निसर्ग तीन दिवस आमच्यापुढं पाटीवर उत्तर लिहून ठेवत होता, आणि मास्तरला वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या पावसाळ्यात तिचे तीन दिवस चार झाले. मग पाच. पुढच्या पावसाळ्यात आठ. एकदा तर न्हाऊन दोन दिवस झाले नाहीत तोच ती पुन्हा पडवीत. मी काळजीनं विचारलं. ती म्हणाली की तीनच असतात, बाकीचे मी वाढवते. तेवढ्यातच श्वास मिळतो. डोळे खाली होते. मला ही युक्ती इतकी आवडली की मी पोट धरून हसलो. घाबरू नको, कुणाला सांगणार नाही, असं वचनही दिलं. श्वासासाठी माणूस चोरी करतोय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला दिसला तो फक्त मजेदार किस्सा.

आणि किस्सा माझ्या पोटात राहत नाही. हा माझा रोग, याला पंप निघालेला नाही.

श्रावणाच्या तोंडाला आईनं मला ओसरीवर बसवून घेतलं. म्हणाली, सुनेच्या कुशीत काहीतरी बिघाड आहे, दिवस सरतच नाहीत, असं असलं तर पोर व्हायचं नाही, दुसरी बघावी लागेल. मी तिची समजूत घालायला गेलो. दोन चांगली वाक्यं बोलून गप्प बसता आलं असतं. मी हसत हसत म्हणालो, "अगं, बिघाड कसला? दिवस तीनच असतात. बाकीचे ती चोरते."

आई हसली नाही. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की माझं हसू दातांतच अडकलं. मग ती म्हणाली, "इटाळाचं नाव घिऊन खोटं बोलली? देवाच्या कामात?" मी काहीतरी सारवासारव करत होतो. ती ऐकत नव्हती. तिनं बायकोला एक शब्द विचारला नाही. फक्त नागपंचमीच्या आदल्या दिवशी जाहीर केलं की उद्याचा स्वयंपाक सून एकटीच करील, आणि सण झाला की तिच्या बापाला निरोप धाडायचा, पोरीला घेऊन जा म्हणून.

पंचमीला आमच्याकडं चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, सगळं उकडायचं. पुरणाची दिंडं, भात, घुगऱ्या, सकाळपासून जाळ चालू. लाकूड आठ दिवसांच्या झडीनं भिजलेलं. शाळेला सुट्टी. आणि मी कुठं होतो? चावडीवर. पागोट्याच्या साहेबांची गोष्ट सांगत होतो. शेजारचं पोरगं बोलवायला आलं तेव्हाही म्हणालो, थांब रे, शेवट राहिलाय.

घरी गेलो तर धुरात काही दिसेना. ती चुलीपासून दोन हातांवर, तळहात जमिनीला टेकून, ओणवी बसली होती. खांदे कानांपर्यंत वर जात होते. ओठ जांभळाच्या रंगाचे. माझ्याकडं पाहिलं पण बोलता येईना. आई दाराशी उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. तिचाही रंग उडालेला.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. घोंगडीची झोळी केली, बांबूला अडकवली आणि तिला आत आडवी घातली. दम्याच्या माणसाला आडवं करणं म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर पाय देणं. तिनं नखांनी घोंगडी ओरबाडली. झोळी उचलायला आलेल्या चौघा गड्यांपैकी एकानं मला बाजूला ढकललं, म्हणाला, "मास्तर, बसती ऱ्हाऊ द्या तिला, मरंल की." मग मी शाळेतून माझी खुर्ची आणली, सरकारी, गावातली एकुलती एक. दोन बांबू बांधून त्यावर तिला बसवलं आणि चिखलातून सडकेपर्यंत नेलं. हिरड्याची पोती भरून भोरकडं निघालेली एक मोटर मिळाली. हे नशीब. यात माझी काही हुशारी नाही.

भोरच्या डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि काही न विचारता दंडात सुई टोचली. त्या इंजेक्शनचं नाव मी पुढं पाठ केलं, ॲड्रिनॅलिन. भिंतीवर घड्याळ होतं. दहा-बारा मिनिटांत तिचे खांदे खाली आले. ओठांवर रंग आला. दोन वर्षांची राख, रस, डाग, आणि इथं दहा मिनिटं. मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. कुणाचा ते तेव्हा कळलं नाही.

मग डॉक्टर तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि विचारू लागले. केव्हा होतं, केव्हा होत नाही, माहेरी व्हायचं का, चूल कुठं आहे. मी मधेच उत्तरं द्यायला लागलो तर म्हणाले, "मास्तर, आजारी तुम्ही आहात का?" तिनं सांगितलं. तीन दिवसांचंही सांगितलं, मान खाली घालून. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, धुराचं हिनं आधी कधी बोलून दाखवलं होतं का.

मी म्हणालो, नाही.

दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या छातीत पुरेशी हवा होती. ती तिनं वाया घालवली नाही. "सांगितलं हुतं," ती म्हणाली. "पयल्या आषाढात. हसला हुता तुमी."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. ते औषधाच्या कपाटाकडं वळले. गोळ्या दिल्या, एफेड्रीनच्या, रोज किती घ्यायच्या ते तिला सांगितलं, मला नाही. धोतरा बंद. आणि जाताना म्हणाले की औषध आग विझवील, पण रोज काडी लावत राहिलात तर माझ्याकडं काही नाही.

ती आमच्या घरी आली नाही. भोरहून परस्पर कामथडीला गेली. मी तिला मोटरीत बसवलं तेव्हा म्हणाली, आत्याबाईंना, म्हणजे माझ्या आईला, निरोप धाडायची तसदी नको, मी आपणहून चालले. चूल घराबाहेर आली की न्यायला या. नाही आली तर येऊ नका.

मी तणतणत परत आलो. आईला म्हटलं, चूल बाहेर घ्यायची. ती म्हणाली, बी किडंल. मी म्हटलं, किडू दे. ती म्हणाली, छप्पर कुजंल. मी म्हटलं, कुजू दे. ती म्हणाली की तुझ्या बापाच्या आईनं ही चूल घातली, मी हिच्यापुढं जन्म काढला, मला काही झालं नाही. हेच, अगदी हेच मी बायकोला ऐकवलं होतं. माझं वाक्य आईच्या तोंडून ऐकलं आणि माझं भान सुटलं. पहार घेतली आणि चूल फोडली.

आमच्याकडं चूल कुणी फोडत नाही. भाऊ वेगळे झाले तरी दुसरी मांडतात, जुनी राहते. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, पण फोडत नाहीत. आई त्या मातीच्या ढेकळांकडं बघत म्हणाली, "आता गावात सांग, आई मेली म्हनून." आणि ती पडवीत जाऊन बसली, जिथं सून बसायची तिथं.

मग मी चूल घालायला घेतली. पश्चिमेचा कूड कोयत्यानं कापला आणि तिथं उघड्या अंगाला चूल मांडली. सह्याद्रीतला पाऊस कुठून येतो, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. पहिल्याच जाळाला वारा आत घुसला आणि सगळा धूर, माळ्यावरचा जुनासुद्धा, ओसरीतून बाहेर निघाला. गाव बघायला जमलं. दुसरी चूल पूर्वेच्या पडवीत घातली. ती भांडं ठेवताच बसली. भाताचं पातेलं माझ्या पायावर. तीन दिवस मी कच्चे पोहे खाल्ले, आईनं तेही खाल्ले नाहीत. शेजारीण आणून देईल तेवढंच.

चौथ्या दिवशी सकाळी उठलो तर आई पडवीत लाल माती मळत होती. भाताचा तूस घालत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली की माती कशी मळतात ते ज्याला कळत नाही त्यानं पहार उचलू नये. तिनं चूल घातली, वैलाचं, म्हणजे शेजारच्या जोडचुलीचं, तोंड पूर्वेकडं ठेवलं, वर अर्धा कूड मोकळा सोडला. सुनेचं नाव काढलं नाही. पण चूल वाळल्यावर मला म्हणाली, "जा आता."

बायको भादव्यात आली. आधी पडवीत गेली, चार काड्या पेटवल्या आणि धूर कुठं जातो ते उभी राहून पाहत राहिली. मग पदर खोचला. दमा गेला नाही. थंडीत यायचा, कणसं झोडपताना यायचा, गोळ्या होत्या. पण ते ओणवं बसणं पुन्हा दिसलं नाही. बी त्या वर्षी खरंच किडलं, निम्मी नाचणी गेली. आई बोलली ते खोटं नव्हतं. पुढं सून शेतात गेली की आई बियाला धूर द्यायला माळ्याखाली निखाऱ्यांची घमेली ठेवायची, सून यायच्या आत उचलायची.

एवढ्यावर मी स्वतःला माफ केलं असतं. पण त्या हिवाळ्यात एका सकाळी पडवीत दात घासत बसलो होतो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. रोज मला जाग यायची ती आईच्या खोकल्यानं. कोंबडा आरवावा तसा तो घरात असायचाच, लहानपणापासून. त्याला रोग म्हणायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. आज तो नव्हता. कालही नव्हता. आई चुलीपुढं होती, डोळे नेहमीसारखे लाल नव्हते. मी विचारलं, आई, तुला पण धुराचा त्रास व्हायचा का?

"व्हायचा की," ती म्हणाली.

मग बोलली का नाहीस, असं मी ओरडलोच. इतकी वर्षं, बोलली का नाहीस?

तिनं भाकरी उलटली. म्हणाली की सांगितलं होतं, तुझ्या बापाला, लग्न झालं त्या साली. तो पण हसला होता.

बाप मरून नऊ वर्षं झाली होती. भांडायला घरात मी एकटाच उरलो होतो.